‘सहिष्णुता’ की ‘सहनशीलता’? माशांच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: ‘मासे आणि इतर प्राणी कुठे राहतात हे ते किती थंडी-ऊन झेलू शकतात यावर ठरतं, अशा मजकुराचं भाषांतर करते आहे. तापमान-सहनशीलता लिहावं की तापमान-सहिष्णुता? एकांनी ‘तितिक्षा’ सुचवलंय.’

‘सहिष्णुता’ लिहा. ‘हा मासा फार सहनशील आहे’ हे वाक्य माहितीपटांच्या निवेदनात वारंवार ऐकू येतं आणि दर वेळी खटकतं. सहनशीलता हा आता माणसाच्या स्वभावाचा गुण झालाय. मुकाट्याने सोसणाऱ्या सुनेचं कौतुक करायला वापरलेला शब्द माशाला लावला की मासा बिचारा होतो. ‘सह्’ धातूत मुळात हा बिचारेपणा नाहीच!

ऋग्वेदात ‘सहस्’ म्हणजे बळ. अग्नीला तिथे ‘सहसः सूनुः’ म्हटलंय, बळाचा पुत्र. साहस त्यातूनच आलं. ‘उद्’ लागून उत्साह झाला. संस्कृतात ‘प्रसह्य’ म्हणजे बळजबरीने. जर्मनमध्ये विजयाला ‘झीग’ म्हणतात, तोही याच कुळातला. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह जुनी यादी, मात्र ‘षह मर्षणे’ एवढंच सांगून मोकळा होतो. मर्षण म्हणजे सोसणं. पुढचे कोशकार तेच उतरवत आले आणि सोसणं हाच मूळ अर्थ ठरून बसला. मला हे अजिबात मान्य नाही. खुद्द पाणिनीच्या ‘अधेः प्रसहने’ (१.३.३३) या सूत्रात प्रसहन म्हणजे अभिभव, समोरच्याला नमवणं, पाणिनीवरच्या ‘काशिका’ या जुन्या टीकेतही तसाच अर्थ दिलाय. सोसण्याचा अर्थ नंतर आला, कारण ज्याच्यावर मात करता येते तेच अंगावर घेता येतं. मराठीत यासाठी अस्सल शब्दप्रयोग आहे: पुरून उरणे. सह्याद्रीतला ‘सह्य’ही मी याच बळाच्या अर्थाचा मानतो. ‘सहन करण्याजोगा डोंगर’ अशी फोड करणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की डोंगराला असं नाव कोण ठेवेल?

‘सहिष्णू’ शब्दात या ‘सह्’ला लागलाय ‘इष्णुच्’ हा प्रत्यय. पाणिनी तो ज्या धातूंना सांगतो (३.२.१३६) त्यांत ‘सह’ नाव घेऊन आलाय. ते ज्याच्या स्वभावात आहे, ज्याचा तो धर्म आहे, जो ते उत्तम करतो, असा या प्रत्ययाचा अर्थ. माशाला याहून चपखल काय बसणार?

अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंडमधले ट्रेमाटोमस जातीचे मासे पाहा. तिथलं पाणी वर्षभर उणे १.९ अंशाच्या आसपास असतं. एरवीच्या समुद्री माशाचं रक्त उणे एक अंशाच्या आतबाहेरच गोठू लागतं. यांच्या रक्तात असं ग्लायकोप्रोटीन (साखरेचे रेणू जोडलेलं प्रथिन) असतं की ते बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांना वाढूच देत नाही. हे सोसणं नव्हे, हे वैदिक अर्थाने ‘सहन’ आहे, थंडीला पुरून उरणं आहे! आणि याच माशांना सहा अंशांचं पाणी जीवघेणं ठरतं, हे सोमेरो आणि डी-व्रीज या संशोधकांनी १९६७ साली दाखवून दिलं. म्हणून ‘सहिष्णू मासा’ असंही मोघम लिहू नका. कशाला सहिष्णू, कुठून कुठपर्यंत, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. आपल्याकडे उजनीच्या जलाशयात चिलापीने बस्तान बसवलंय, पण पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की ती तग धरत नाही. काश्मीरच्या ओढ्यांतल्या ट्राउटचं उलट, पंचवीस अंशांच्या आसपासचं पाणी तिच्या जिवावर बेततं. दोन्ही मासे माणसाने बाहेरून आणून सोडलेले. सोडले सगळीकडे, टिकले मात्र ज्याच्या त्याच्या पाण्यात.

आता ‘तितिक्षा’, म्हणजे निश्चयाने सोसणं. सुचवणाऱ्यांच्या मनात गीतेतला ‘शीतोष्णसुखदुःखदाः… तांस्तितिक्षस्व’ हा श्लोक असणार, आणि शब्द सुरेखच आहे. ‘तिज्’ म्हणजे धार लावणं. तीक्ष्ण आणि तेज त्यातलेच. ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’ (३.१.५) या सूत्राने त्याचं तितिक्षा होतं. पण गीतेतली ती आज्ञा आहे, आणि आज्ञा मोडूही शकणाऱ्या माणसाला केलेली आहे. तितिक्षेला निश्चय लागतो. ग्लायकोप्रोटीन निश्चयाने तयार होत नाही. तेव्हा नको.

भाषांतरात याहून मोठी चूक वेगळीच होते. सहिष्णुतेची मर्यादा म्हणजेच प्राण्याचं घर, असं लिहिलं जातं. मरत नाही म्हणजे सुखात आहे असं नव्हे. मासा ज्या तापमानांत जगतो त्याहून अरुंद पट्ट्यात तो वाढतो, आणि त्याहूनही अरुंद पट्ट्यात त्याची अंडी तगतात. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते, त्यामुळे जीव जाण्याच्या बऱ्याच आधी ते पाणी त्याला परकं होतं. यासाठी मराठीत ‘मानवणे’ हे देखणं क्रियापद आहे. हवा मानवते, पाणी मानवतं. ते सोडून भाषांतरकार ‘अनुकूलतम तापमान-श्रेणी’ कशाला लिहितात, कळत नाही. तारली या माशाचं उदाहरण घ्या. १९८५पर्यंत देशातली जवळजवळ सगळी तारली ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांमधल्या मलबार किनाऱ्यावर मिळायची, जिथे पृष्ठभागाचं पाणी वर्षाच्या सरासरीने २७ ते २९ अंश असतं. नंतरच्या दोन दशकांत १४ ते २० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे गोवा-कोकणाच्या बाजूलाही, ती वाढत्या प्रमाणात सापडू लागली. ‘तारलीला उत्तरेचं पाणी मानवू लागलं’ एवढं लिहिलं की कोळणीपासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना कळतं.

आणि ‘सहिष्णूता’ असं दीर्घ लिहू नका. एकटा असताना ‘सहिष्णू’, ‘ता’ लागला की ‘सहिष्णुता’.