न भेटलेल्या मित्राच्या घरी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ऑनलाइन मित्राबरोबरचा, एका चालीला तीन दिवसांची मुदत असलेला तुमचा बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर थांबला, त्याची मुदत संपली, संकेतस्थळाने तुला विजयी ठरवून तुझे रेटिंगही वाढवले, आणि त्यानंतर आसाममधील जोरहाटहून त्याच्या बहिणीचा, तो गेल्याचा निरोप आला. ज्याला एकदाही प्रत्यक्ष पाहिले नाही त्याच्यासाठी इतके रडणे योग्य आहे का, असे तू शेवटी विचारले आहेस. योग्य आहे. यावर मी फार युक्तिवाद करत बसणार नाही. ज्याच्याशी चार वर्षे जवळजवळ रोज रात्री बोलणे होत होते तो गेल्यावर रडू आले नसते, तर मला काळजी वाटली असती.

तुझी खरी अडचण निराळी आहे. आपल्याकडे शोक नात्याने मोजला जातो. सुतक कोणाला आणि किती दिवसांचे, दहाव्याला कोणी जायचे, भेटायला येणाऱ्यांसमोर कोणी बसायचे, हे सगळे आधीच ठरलेले असते, आणि त्यात तुला कुठेच जागा नाही. म्हणून कचेरीत रजा मागताना कारण सांगता येत नाही आणि आईने 'कोण होता तो?' असे विचारले की उत्तर अडते. समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाविषयी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये सविस्तर लिहिले. आपल्या परंपरेला मात्र हे अगदीच अपरिचित होते असे मला वाटत नाही, कारण तर्पणाच्या शेवटी जे बांधव आहेत त्यांच्याबरोबर जे बांधव नाहीत त्यांनाही पाणी दिले जाते. हॅम रेडिओवाल्यांचेही, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलणाऱ्यांचेही, तसेच. आयुष्यभर केवळ आवाजाने किंवा मोर्सच्या ठोक्यांनी ओळखलेला सोबती गेला की ते त्याला 'सायलेंट की', म्हणजे मूक झालेली मोर्सची कळ, म्हणतात, आणि अमेरिकेतील त्यांच्या 'क्यूएसटी' मासिकात अशा दिवंगतांची यादी छापली जाते.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते सांगतो. तू त्याच्या घरी पत्र लिही.

नॉर्वेतील माट्स स्टीन या तरुणाची हकीकत तू कदाचित ऐकली असशील. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू क्षीण करत नेणारा आजार होता आणि नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या 25व्या वर्षी, तो गेला. चाकांच्या खुर्चीत, संगणकासमोर त्याचे दिवस आणि रात्री जात, त्यामुळे आपल्या मुलाला मित्र मिळाले नाहीत, प्रेम मिळाले नाही, त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही, याचे दुःख त्याच्या आईवडिलांना सर्वांत जास्त होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली, आणि मग देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात तो इबेलिन या नावाने वावरत असे. तिथल्या 'स्टारलाइट' या गटातले लोक लिहीत होते की तो आमचे ऐकून घेत असे, आमची भांडणे मिटवत असे. नेदरलँड्समधील एका मुलीचा संगणक घरच्यांनी काढून घेतला, तेव्हा तिच्या आईवडिलांना त्याने समजावणीचे पत्र लिहिले होते. ही माणसे गप्प राहिली असती, तर आपल्या मुलाचे अर्धे आयुष्य त्या आईवडिलांना कळलेच नसते. गटातील काही जण तर विमानाने अंत्यसंस्काराला आले. तुला जोरहाटला जाण्याची गरज नाही. गुवाहाटीच्या पुढचा तो प्रवास, अनोळखी घर, आणि शोकात असलेल्या माणसांवर पाहुण्याचा भार, हे सगळे आज टाळलेलेच बरे.

पत्रात आपल्या दुःखाचे वर्णन कमी कर आणि त्याच्याविषयी जास्त लिही. हरलेल्या डावानंतर तो तासभर बसून तुझी चूक तुला उलगडून दाखवत असे, पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलच्या उरलेल्या चार्जिंगवर चाल पाठवत असे, आईच्या हातच्या मासोर टेंगाविषयी, म्हणजे माशाच्या आंबट कालवणाविषयी, बोलताना थांबत नसे, हे तू मला लिहिले आहेस. तेच जसेच्या तसे लिही. तो कशाने गेला हे विचारू नकोस, त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील. वडिलांवरचा त्याचा राग त्याने विश्वासाने तुला सांगितला होता, तो तुझ्यापाशीच राहू दे. भाषा सोपी ठेव, हिंदी चालेल, कारण बहिणीला ते आईला असमियात वाचून दाखवावे लागेल. शेवटी, तिच्या उत्तराची अपेक्षा नाही, हेही स्पष्ट लिही.

त्याआधी एक रूक्ष वाटेल असे काम उरकून घे. त्याच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेले बोलणे 'एक्स्पोर्ट चॅट' करून आवाजी निरोपांसह दोन ठिकाणी जपून ठेव आणि तुमचे डावही उतरवून घे. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारण 120 दिवस वापरात नसले तर काढून टाकले जाते, आणि आपल्या देशात बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. एखाद्या सकाळी त्याच्या नावापुढे परक्या माणसाचे छायाचित्र दिसले तर काळजाचे पाणी होते. ते कशामुळे होते हे आधीच ठाऊक असलेले चांगले. त्या क्रमांकावर तू अजूनही रात्री निरोप पाठवतोस असे लिहिले आहेस. त्यात मला वेडेपणा दिसत नाही, पण फोन आता बहिणीच्या हातात असेल आणि ती ते वाचत असेल, एवढे ध्यानात ठेव.

झोप महिनाभरात पूर्ववत झाली नाही, किंवा जेवणावरची वासना उडाली, तर शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आईला मात्र आजच सांग. 'ऑनलाइन ओळखीचा एक जण' असे म्हणू नकोस, 'माझा मित्र गेला' असे म्हण. पुढचे ती आपणहून विचारील.

पत्राचा मसुदा मला दाखवायचा असेल तर पाठव. मी त्यात शुद्धलेखनापलीकडे काही बदलणार नाही.

कळावे, आशीर्वाद आहेतच.
तुझे सर