क्लास न लावता ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे मेकॅनिझम (रिॲक्शन टप्प्याटप्प्याने कशी होते ते) स्वतः कसे शिकावे?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला बारावीला आहात, फिजिक्स-मॅथ्सचा क्लास आहे पण केमिस्ट्रीचा नाही, सीईटी आणि जेईई मेन दोन्ही द्यायच्यात आणि ऑरगॅनिकच्या रिॲक्शन पाठ करूनही आठ दिवसांत उडून जातात. मी दिंडोरीहून एसटीने नाशिकच्या सीबीएस बस स्थानकावर उतरून कॉलेज केलं, ऑरगॅनिक स्वतःच शिकलो आणि आता बारावीला हाच विषय शिकवतो. कॉलेज रोडचा क्लास नसेल तरी हे जमतं, याची मला खात्री आहे.

आधी अकरावीचा ऑरगॅनिकच्या मूलतत्त्वांचा धडा काढा. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणून बरीच मुलं तो सोडून देतात आणि मग बारावीत प्रत्येक रिॲक्शन सुटी सुटी पाठ करत बसतात. इंडक्टिव्ह इफेक्ट, रेझोनन्स, कार्बोकॅटायनची (धनभार असलेल्या कार्बनची) स्थिरता, न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देणारा) आणि इलेक्ट्रोफाइल (ती घेणारा) एवढं पक्कं होईपर्यंत बारावीच्या हॅलोजन डेरिव्हेटिव्हच्या धड्याला हात लावू नका.

मेकॅनिझममधला बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास. जोडी जिथे आहे तिथून तो सुटतो आणि इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अणूकडे जातो. ॲसिडमधला हायड्रोजन ऑक्सिजनला जोडताना मुलं हमखास हायड्रोजनपासून बाण काढतात. तो ऑक्सिजनच्या जोडीपासूनच निघायला हवा. ही एक सवय लागली की निम्मं ऑरगॅनिक सोपं होतं.

आता एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अल्कोहोलच्या धड्याखालच्या एका प्रश्नातली रिॲक्शन घ्या. ३-मिथिलब्युटेन-२-ऑलवर एचबीआरची (हायड्रोजन ब्रोमाइडची) क्रिया केली तर काय मिळेल? पाठांतरावर भिस्त असलेला मुलगा ओएच काढून तिथेच ब्रोमीन बसवतो. तुम्ही कागदावर टप्प्याने जा. ओएच असाच सुटत नाही, म्हणून आधी तो प्रोटॉन घेतो. मग पाणी होऊन निघून जातो. मागे राहतो सेकंडरी (दोन कार्बन जोडलेला) कार्बोकॅटायन. इथे थांबा आणि शेजारच्या कार्बनकडे बघा. त्याच्यावरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन सरकला तर टर्शरी (तीन कार्बन जोडलेला) कार्बोकॅटायन तयार होतो, तो जास्त स्थिर. म्हणून तो सरकतोच. शेवटी ब्रोमाइड तिथे जोडला जातो आणि मिळतं २-ब्रोमो-२-मिथिलब्युटेन. कार्बोकॅटायन दिसला की आधी शेजारी पाहायचं, हे या एका उदाहरणात कायमचं बसतं.

मग एसएन१ आणि एसएन२, म्हणजे प्रतिस्थापनाचे (एक गट जाऊन दुसरा बसण्याचे) दोन मार्ग, एकाच पानावर शेजारी शेजारी काढा. एसएन२मध्ये न्यूक्लिओफाइल मागच्या बाजूने येतो, म्हणून कार्बनभोवती गर्दी नको: मिथिल सगळ्यात वेगवान, टर्शरी सगळ्यात मंद. एसएन१मध्ये आधी कार्बोकॅटायन बनतो, म्हणून क्रम उलटा. कारण समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही. त्याच पानावर जलीय आणि अल्कोहोलिक केओएचमधला फरकही लिहा, तो परीक्षेत सतत विचारतात: पहिल्यात मुख्यतः प्रतिस्थापन, दुसऱ्यात एलिमिनेशन (गट निघून दुहेरी बंध होणं).

सगळ्याच गोष्टींचं मेकॅनिझम खणत बसू नका. पीसीसी या सौम्य ऑक्सिडीकारकाने प्रायमरी अल्कोहोल ॲल्डिहाइडवर थांबतो आणि आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटने थेट ॲसिडपर्यंत जातो, हे सरळ पाठ करा. क्लेमेन्सन रिडक्शनचंही तसंच. आल्डोल आणि कॅनिझारो या ॲल्डिहाइडच्या रिॲक्शन मात्र समजून घ्या. अल्फा हायड्रोजन (ॲल्डिहाइड गटाच्या शेजारच्या कार्बनवरचा) आहे का, एवढंच विचारलं तरी फॉर्माल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड कॅनिझारो का देतात ते उमगतं.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे बाण काढायला वेळ नाही. म्हणून घरी इतके काढा की परीक्षेत ते नुसते डोळ्यांपुढे येतील. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, पेन्सिलीने. नुसतं वाचून मेकॅनिझम येत नाही. व्हिडिओ पाहिलात तरी लगेच बंद करून तेच स्वतः काढा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, जेईई मेनमध्ये एक गुण कापतात. तिथे दोन पर्यायांत अडलात तर कार्बोकॅटायनच्या स्थिरतेवरून ठरवा.

आणि काढलेले कागद कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वेळी केमिस्ट्रीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. उत्तर बरोबर आलं तरी बाण चुकलेला असू शकतो, आणि तो स्वतःचा स्वतःला सहसा दिसत नाही.