दक्षिणेतले वास्तववादी पोलीसपट हिंदी डबिंगमध्ये पाहावेत की मूळ भाषेत सबटायटल्स लावून?

मूळ भाषेतच पाहा. निदान या प्रकारचे चित्रपट तरी. नुसत्या मारधाडीच्या चित्रपटाचं डबिंगने फारसं बिघडत नाही. पण ठाण्याच्या आत काय चालतं ते दाखवणाऱ्या चित्रपटात कोण कुठली भाषा बोलतो आणि कोणाला ती कळत नाही, यावर अख्खी केस फिरते.

तमिळ दिग्दर्शक वेट्रीमारनचा 'विसारणै' घ्या. एम. चंद्रकुमार यांनी स्वतः भोगलेल्या कोठडीवर लिहिलेल्या पुस्तकावरून तो बेतला आहे. पोटासाठी आंध्रातल्या गुंटूरला आलेली, बागेत झोपणारी तमिळ पोरं पोलीस उचलतात. तेलुगूत दरडावणं आणि मार, कबूल करा म्हणून. पुढे कोर्टात एक तमिळ पोलीस अधिकारी दुभाष्या म्हणून उभा राहतो, तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं न्यायाधीशापर्यंत पोहोचतं. आता सगळ्यांच्या तोंडी एकच हिंदी घाला. दुभाष्या कशाला हवा मग? मार तेवढा उरतो, आणि मग तो सिनेमा बघवतही नाही.

'उंडा'चंही (2019) तेच. केरळ पोलिसांची तुकडी छत्तीसगडच्या नक्षलग्रस्त भागात निवडणूक बंदोबस्ताला जाते. काडतुसं अपुरी, मुलूख अनोळखी, भाषा परकी. मामुट्टीचा फौजदार यात घाबरतो, चुकतो. मला तो त्याच्या रुबाबदार पोलीस भूमिकांपेक्षा कितीतरी जवळचा वाटला.

डबिंगमध्ये आणखी एक गोष्ट जाते, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. चित्रीकरणाच्या जागीच संवाद रेकॉर्ड केलेले असले, तर त्या आवाजात ती जागाही ऐकू येते: भिंतींचा घुमारा, बाहेरची वर्दळ, मागची कुजबुज. संवाद काढले की हेही निघून जातं आणि स्टुडिओत नव्याने भरावं लागतं. त्यात प्रत्येक हवालदाराला तोच भारदस्त आवाज देतात, म्हणजे साहेब आणि शिपाई कानाला सारखेच.

'तोंडिमुदलुम दृक्साक्षियुम'मध्ये (2017) तर पोलिसांच्या बऱ्याच भूमिकांत खरेखुरे पोलीसच आहेत. चोर सोनसाखळी गिळतो आणि कासरगोडचं अख्खं ठाणं ती बाहेर पडायची वाट बघत बसतं, एवढीच गोष्ट. पण मुद्देमाल हाती नसताना केस उभी कशी करायची, ही पोलिसांची घालमेल त्या माणसांच्या नुसत्या बसण्या-बोलण्यातून कळते. तिथे परका आवाज चिकटवणं मला खरंच सहन होत नाही.

'ॲक्शन हिरो बिजू'त (2016) ठाण्यातल्या किरकोळ तक्रारी सुरेख टिपल्या आहेत, पण कोठडीतली मारहाण कौतुकाने दाखवली आहे, ते मला पटलं नाही.

डबिंगच हवं असेल तर कार्तीचा 'तीरन अधिगारम ओंड्रु' (2017) चालेल. तमिळनाडूचे पोलीस महामार्गालगतच्या घरांवर दरोडे घालणाऱ्या टोळीच्या मागावर थेट उत्तरेत जातात. त्यातला पाठलाग कुठल्याही भाषेत धरून ठेवतो.

तुम्ही 'नायाट्टू'पासून (2021) सुरुवात करा. लेखक शाही कबीर स्वतः केरळ पोलिसात होते. ऐन निवडणुकीत एका दलित तरुणाच्या मृत्यूचं प्रकरण तीन पोलिसांवर येतं आणि त्यांचंच खातं त्यांच्या मागे लागतं. वरून आलेला आदेश खाली कसा झिरपतो, हे इतकं नेमकं मी दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रपटात पाहिलेलं नाही. मग 'तोंडिमुदलुम', मग 'उंडा'. 'विसारणै' शेवटी ठेवा, आणि रात्री एकट्याने बघू नका.