वाचकांचे प्रश्न : ओढा, काळं रान आणि चारचाकी

प्रश्न : माझ्याकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे. पावसाळ्यात शेताकडे जाताना ओढा ओलांडावा लागतो. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल दुधाळ झालं. मिस्त्रीने दोनदा ऑइल सील बदललं, तरी पाणी जातंच. (अंबाजोगाई तालुका)

उत्तर : तिसऱ्यांदा सील बदलण्याआधी ब्रीदर बघा. मागच्या ॲक्सलच्या नळीवर, वरच्या अंगाला छोट्या टोपीचा नट असतो, तोच ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करायची वाट. काळ्या मातीच्या भागात तो बहुतेक बुजलेलाच सापडतो. गाडी चालून आली की डिफरन्शियल तापतं, आतली हवाही तापते. तशीच गाडी गार पाण्यात उतरली की हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. ब्रीदर बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत येतं. मोकळा असला तरी पाण्याखाली गेल्यावर त्यातूनच शिरतं. सीलचं काम तेल आत राखायचं. बाहेरून ओढलं जाणारं पाणी ते फार वेळ थोपवू शकत नाही, त्यामुळे नवं सीलही हरतं.

उपाय स्वस्त आहे. ब्रीदर काढून तिथे त्याच आट्यांचा नळीचा निपल बसवा. त्याला डिझेलची रबरी नळी जोडून चेसिसवरून टेल लॅम्पच्या उंचीपर्यंत न्या. टोकाला स्कूटरचा छोटा फ्युएल फिल्टर लावा, म्हणजे धूळ जाणार नाही. ॲक्सल आणि चेसिसच्या मधे नळी सैल ठेवा. चाक खड्ड्यात लटकलं की ताणलेली नळी निसटते, आणि ते लक्षात येतं पुढच्या दुधाळ तेलावरच. पुढचा ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) यांचे ब्रीदरही तसेच वर न्या. ओढ्याच्या काठी दहा-पंधरा मिनिटं गाडी गार होऊ दिली, तरी बराच फरक पडतो.

दुधाळ तेलावर गाडी चालवत राहू नका. बेअरिंगला गंज धरतो आणि पुढे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) घुमायला लागतं. तेल बदलताना आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करून बघा. खालचं तेल सोडल्यावर वरचा प्लग हललाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. जुनं तेल काढून स्वस्त गिअर तेल भरा, दोन-चार किलोमीटर हळू चालवा, तेही काढा आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं तेल भरा. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर तेल लागतं. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. काही जीएल-५ तेलांतली रसायनं गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला टेकली की पुरे. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा काळा बारीक लगदा नेहमीचाच. मात्र लोखंडाचे तुकडे दिसले तर डिफरन्शियल उघडावंच लागेल.

प्रश्न : बोलेरोला २१५/७५ आर १५ टायर आहेत. पाणंदीच्या चिखलासाठी २३५/७५ टाकू का? (माजलगाव)

उत्तर : टायरचा व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिमी होईल, म्हणजे साधारण चार टक्के जास्त. गाडी फक्त १५ मिमी उचलली जाईल, आणि मीटर ६० दाखवेल तेव्हा वेग साडेबासष्टच्या आसपास असेल. पिकअप थोडा मंदावेल. बसवायचेच असतील तर दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून टायर मडगार्डला किंवा ब्रेकच्या होजला घासतो का ते बघा. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

काळ्या चिकण मातीत मापापेक्षा खाचा महत्त्वाच्या. ही माती साध्या टायरच्या खाचांत बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. मड-टेरेन टायरच्या रुंद खाचा चाक फिरताना माती बाहेर फेकतात, पण डांबरावर ते आवाज करतात आणि लवकर झिजतात. महिन्यातून चार दिवस चिखल आणि बाकी अंबाजोगाई-परळीचा डांबरी रस्ता असेल तर दोन्हीकडे चालणारे ऑल-टेरेन घ्या. चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, वेग २० किलोमीटरच्या आत ठेवा आणि डांबराला लागण्याआधी हवा भरा. हातपंप नव्हे, बॅटरीवरचा कंप्रेसर गाडीत असू द्या.

प्रश्न : पुढे बंपरवर लोखंडी बुलबार (गार्ड) बसवावा का? (जालना)

उत्तर : नको. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये, म्हणजे गाडीत फेरफार करण्याबद्दलच्या कलमात, तो बसत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत धक्क्याची वाट बदलते आणि बॅग वेळेवर उघडेलच असं राहत नाही.

प्रश्न : चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढताना पुढचा टायरॉड (पुढची चाकं वळवणारा दांडा) वाकला. साखळी कुठे बांधावी? (जिंतूर)

उत्तर : चेसिसला बोल्टने पक्क्या बसवलेल्या हुकालाच. ॲक्सल, टायरॉड, पाट्याचं शॅकल आणि बंपर यांना कधीच नाही. हूक नसेल तर चिखलात जाण्याआधी गॅरेजमधून बसवून घ्या.

आधी फावड्याने चारही चाकांपुढची माती काढा. काळी माती ओली असली की चाकाला धरून ठेवते. ती मोकळी केली तर निम्म्या जोरात गाडी निघते. चेसिस टेकली असेल तर जॅकखाली दीड फुटी जाड फळी घाला, नाहीतर जॅकच जमिनीत जाईल. ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये सावकाश ओढू द्या. साखळीऐवजी लोखंडी तार लावली, तर ती रबरासारखी लांबत नाही, त्यामुळे झटका सगळा हुकावर येतो. तारेच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटली तरी टोक फार उडत नाही. तारेच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये, लहान मुलांना तर आधीच दूर पाठवा.

घरी आल्यावर रिमची आतली बाजू धुवा, तिथे सुकलेली माती चाकाचा बॅलन्स बिघडवते. ब्रेकचे ड्रम उघडून आतली माती काढा. नाहीतर शू घासून ड्रमला ओळी पडतात. मग यूजे क्रॉसला (गिअरबॉक्सपासून ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्याला) गढूळ ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस मारा.