दोन पॉइंटांच्या मधलं

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसच्या कोचना पाठवायचा तुझा व्हिडिओ पाहिला. निवडक विनर फटके एकामागून एक लावलेत, वर गाणं. गाणं आधी काढ. आणि सोबत एक अख्खी, न कापलेली मॅच जोड, शक्यतो हरलेली. तुझा खेळ किती पाण्यात आहे ते यूटीआर रेटिंगवरून, म्हणजे मॅचच्या निकालांवरून खेळाडूला मिळणाऱ्या आकड्यावरून, त्यांना साधारण कळतंच. बघायचं असतं ते दोन पॉइंटांच्या मधलं. डबल फॉल्टनंतर खांदे पडतात का? बाबांकडे बघून हातवारे होतात का? (परवा झाले, म्हणून लिहितोय.) काठावरचा बॉल सर्रास आउट देतेस का?

तिथलं कॉलेज टेनिस संघाचं असतं, हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. लढत सात गुणांची: सहा सिंगल्सचे सहा, तीन डबल्स मिळून एक. स्वतः मागे पडलेली असताना शेजारच्या कोर्टावरच्या मुलीला ओरडून धीर देणारी खेळाडू कोचला हवी असते. त्यात २०२५-२६ पासून, खेळाडूंना मोबदला देण्याबाबतचा नवा कोर्टातला समझोता स्वीकारलेल्या डिव्हिजन वन (सगळ्यात वरच्या गटातल्या) कॉलेजांत टेनिस संघाला कमाल १० जागा. त्यातली एक कायम धुसफुसणारी निघाली तर चार वर्षं तिला निस्तरायचं कुणी?

त्या कोचचा मला फोन येतो तेव्हा बॅकहँडबद्दल जुजबी विचारतात. मग खरे प्रश्न सुरू होतात: सकाळी वेळेवर येते का, मार्करशी (सरावाला बॉल खेळवणाऱ्याशी) कशी बोलते, हरल्यावर काय करते. मी खोटं सांगणार नाही, हे तुला माहीत आहे.

नुसत्या चांगल्या स्वभावावर मात्र जागा मिळत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळणारा आपला सोमदेव देववर्मन २००६ मध्ये एनसीएएची (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची) एकेरीची फायनल हरला, २००७ ला जॉन इस्नरला हरवून जिंकला, २००८ लाही जिंकला. खेळ होताच, हार पचवता येणं त्यावर.

आता कोचना लिहिलेला तुझा मेल. खाली सही तुझी, पण मध्येच 'माय डॉटर' राहून गेलंय! बाबांची धडपड समजते, पण चार वर्षं तिथे राहायचंय तुला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालेल, स्वतः लिही. तेच कॉलेज का, हे दोन ओळींत सांग. दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचना व्यक्तिगत उत्तर द्यायला नियमानेच बंदी आहे, तेव्हा आत्ता कुणी गप्प राहिलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

लिहून झाला की मला तपासायला पाठवू नकोस. थेट त्यांना पाठव.

तुझा,
सर