आईच्या दीर्घ आजारात प्रार्थनेला उत्तर मिळत नाही. आमचा विश्वास कमी पडतो का?

नाही, उत्तर लांबले म्हणून आपला विश्वास तोकडा ठरत नाही. येथे कोल्हापुरात बायबल अभ्यासवर्ग घेताना हा प्रश्न वरचेवर येतो, तेव्हा मी स्तोत्र १३ उघडायला सांगतो: पहिल्या दोनच वचनांत भक्त देवाला ‘कोठवर’ असे चारदा विचारतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थनांच्या संग्रहातून वगळलेले नाही. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम लावतो. आशा त्यात सर्वांत शेवटी येते, हे उतावीळ उपदेशक सोयीस्करपणे विसरतात. मात्र प्रार्थना चालू आहे म्हणून आईची सीपीआर या येथील सरकारी रुग्णालयातील औषधे बंद करू नयेत, मग कोणी कितीही आग्रह धरो.