ठोक्यांमधली जागा: मेटलकोअर आणि आजचे मेटल कोठून ऐकावे

दारव्हा तालुक्यातील एका श्रोत्याने विचारले आहे की, मेटालिका आणि आयर्न मेडन हे जुने हेवी मेटल बँड मनसोक्त ऐकून झाल्यावर आता मेटलकोअर व अलीकडचे मेटल ऐकावेसे वाटते, परंतु दोन-चार गाणी लावून पाहिली तर सगळीकडे सारखीच आरडाओरड कानी पडते. तेव्हा कोणते बँड ऐकावेत, आणि त्यांत ऐकायचे तरी काय? घरी वडील विचारतात की हा माणूस एवढा कोणावर चिडला आहे, त्याचेही उत्तर त्यांना हवे आहे. मी मोर्शीकडचा, शेती करणारा, आणि गेली वीसेक वर्षे हे संगीत ऐकत आलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काय ऐकायचे ते सांगतो, कारण तेवढे कळले की बँड आपोआप वेगवेगळे दिसू लागतात. मला स्वतःला ते एका खंजिरी वाजवणाऱ्या काकांनी शिकवले. हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही (नीलगायी) शिरतात म्हणून आम्ही दोघे जागलीला एकाच मचाणावर होतो. जागलीत दोन्ही कान बंद करून चालत नाही, त्यामुळे माझ्या इअरफोनचा एक गोळा नेहमी मोकळाच लोंबत असतो; तो काकांनी उचलून कानाला लावला. त्या वेळी पार्कवे ड्राइव्ह या बँडचा एक ब्रेकडाउन सुरू होता, म्हणजे गाण्याचा तो भाग, जिथे धाव एकदम अर्धी झाल्यासारखी वाटते आणि गिटार, बास व पायाचा ड्रम एकाच क्षणी, मोजून मापून ठोके देतात. काकांचे सारे आयुष्य राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर म्हणण्यात गेलेले. त्यांनी डोळे मिटून तो भाग पुरा ऐकला, मांडीवर बोटांनी तेच ठोके दिले आणि म्हणाले, "जोरानं मारते म्हणून नाही लागत थे, थांबून मारते म्हणून लागते."

या संगीताबद्दल इतके नेमके वाक्य मी दुसरीकडे वाचलेले नाही. ब्रेकडाउनमध्ये पुष्कळदा मूळ वेग बदलतच नाही. स्नेअर ड्रमचा (काठीने वाजणाऱ्या, कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरून हटून एकट्या तिसऱ्या मात्रेवर येतो, गिटारवादक उजव्या तळहाताची कड तारांवर ठेवून सूर जागच्या जागी दाबून टाकतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये खरोखरची शांतता उरते. वजन त्या शांततेत असते. जो बँड ती जागा राखतो तो भारी वाटतो, आणि जो ती आवाजाने भरून टाकतो त्याचे पाच मिनिटांत कान किटतात. माझी सारी निवड या एकाच कसोटीवर आहे.

आता उगमाकडे. अमेरिकेतील हार्डकोअर पंक (वेगवान, आक्रमक पंक रॉक) आणि मेटल यांच्या मिलाफातून मेटलकोअर झाले. ब्रेकडाउन हार्डकोअरकडून आला. दोन गिटारींनी जोडीने वाजवायच्या धावत्या, सुरेल रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) बऱ्याच अंशी स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातील बँडांकडून आल्या. आयर्न मेडनची जोडगिटार तुमच्या ओळखीची आहे, म्हणून अ‍ॅट द गेट्स या गोथेनबर्गच्या बँडचा १९९५ सालचा 'स्लॉटर ऑफ द सोल' हा अल्बम एकदा ऐकाच. जुने आणि नवे यांच्यामधला सांधा तुम्हाला तिथे हाताला लागेल.

त्यानंतर किलस्विच एंगेज. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९९ मध्ये उभा राहिलेला हा बँड वगळून मेटलकोअर समजत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २००२ च्या 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग'वर जेसी लीच गातो. तो बाहेर पडल्यावर हॉवर्ड जोन्स आला आणि २००४ मध्ये 'द एंड ऑफ हार्टेक' निघाला. २०१२ मध्ये लीच परतला. दोघांचे गळे अगदी वेगळे आहेत. लीचचा आवाज ओरडतानाही कोरडा आणि आर्त राहतो, तर जोन्स सरळ गाऊ लागला की भरल्या विहिरीसारखा घुमतो. २०१९ च्या 'द सिग्नल फायर'मध्ये हे दोघे एकत्र गातात. एकाला काढून दुसरा आणल्यावर बँडांमध्ये सहसा कडवटपणाच उरतो, म्हणून ते गाणे मला फार मोलाचे वाटते.

याच बँडमधील अ‍ॅडम डुटकेविच हे नाव लक्षात ठेवा. २००२ च्या अल्बमवर तो ड्रम वाजवतो, पुढे गिटारवर गेला, आणि निर्माता म्हणून त्याने अनर्थ (Unearth) या बँडचा 'द ऑनकमिंग स्टॉर्म' (२००४) तसेच पार्कवे ड्राइव्हचे पहिले दोन अल्बम घडवले. त्या काळातील मेटलकोअरचा स्वच्छ, कडक, सुटा सुटा ऐकू येणारा आवाज बराचसा या एका माणसाच्या कानातून आलेला आहे. पुढे मात्र कडवे ओरडून आणि धृपद गोड गाऊन म्हणायचा साचाच तयार झाला आणि शेकडो बँडांनी तो गिरवला. तुम्हाला सगळे सारखे वाटले ते बहुधा त्यामुळेच, आणि त्यात तुमच्या कानाची काही चूक नाही.

पार्कवे ड्राइव्ह ऑस्ट्रेलियाच्या बायरन बे या समुद्रकाठच्या लहान गावातला. २००३ मध्ये सुरू झालेल्या या पोरांनी ज्या रस्त्यावरच्या घरात सराव केला, त्याचेच नाव बँडला दिले. २००७ चा 'होरायझन्स' हा ब्रेकडाउन कसा असावा याचा वस्तुपाठ आहे. काकांनी ऐकला तो यातलाच. २०१५ च्या 'आयर'पासून ते संथ, मोठ्या मैदानांना साजेशा गाण्यांकडे वळले. ते बदलले याचा मला राग नाही, पण घाई असली की माझा हात अजून 'होरायझन्स'कडेच जातो.

ट्रिव्हियमचा 'असेंडन्सी' २००५ मध्ये आला तेव्हा गायक-गिटारवादक मॅट हीफी १९ वर्षांचा होता. मेटालिका आवडणाऱ्याने इथूनही सुरुवात करायला हरकत नाही. बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइनचा 'द पॉयझन' त्याच वर्षीचा, ऐकायला सोपा. मी तो आता क्वचितच लावतो. अमेरिकेतील रिचमंडच्या लँब ऑफ गॉडचा २००४ चा 'अ‍ॅशेस ऑफ द वेक' मेटलकोअर नव्हे, पण त्यातील इराक युद्धाविषयीचा संताप आणि क्रिस अ‍ॅडलरचे ड्रम यांसाठी अवश्य ऐकावा.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर इंग्लंडमधील ब्रायटनच्या आर्किटेक्ट्स या बँडपाशी आहे. टॉम सर्ल आणि डॅन सर्ल हे जुळे भाऊ. टॉम गिटारवर, डॅन ड्रमवर, आणि बँडची बहुतेक गाणी टॉमनेच बांधलेली. टॉमला त्वचेचा कर्करोग झाला. आजार अंगात असताना त्याने २०१६ च्या मे महिन्यात निघालेल्या 'ऑल अवर गॉड्स हॅव अबँडन्ड अस'ची गाणी रचली, ती घेऊन मंचावर उभा राहिला, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला वयाच्या २८ व्या वर्षी गेला. त्याने अर्धवट ठेवलेल्या एका कल्पनेवरून उरलेल्यांनी 'डूम्सडे' हे गाणे पुरे केले आणि २०१८ मध्ये 'होली हेल' हा अल्बम काढला. त्यावरचे शब्द डॅनचे आहेत आणि ते ओरडून म्हणणारा सॅम कार्टर टॉमचा मित्र आहे.

तेव्हा हा माणूस कोणावरही चिडलेला नाही, असे वडिलांना सांगा. आपल्याकडे घरातले माणूस गेले की आयाबाया मोठ्याने, सूर धरून, गेलेल्याचे नाव घेत रडतात, आणि त्या रडण्याला कोणी आरडाओरड म्हणत नाही. 'होली हेल'मधले ओरडणे त्याच जातीचे आहे. माझे वडील गेले त्या हिवाळ्यात रात्रीची थ्री-फेज वीज आली की मी गव्हाच्या ओलितावर जात असे, आणि बारे फोडता फोडता हा एकच अल्बम कितीतरी रात्री ऐकत असे. हळुवार गाणे त्या दिवसांत मला सोसत नव्हते. हे सोसत होते.

यापुढचा बँड मेटलकोअरच्या बाहेरचा, पण मला एकच नाव घ्यायला सांगितले तर मी तेच घेईन: गोजिरा. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ओंद्र नावाचे लहानसे गाव आहे, तिथले जो आणि मारिओ हे ड्युप्लांतिए भाऊ. एक गातो व गिटार वाजवतो, दुसरा ड्रमवर. २००५ चा 'फ्रॉम मार्स टु सिरियस' पृथ्वी, समुद्र आणि देवमासे यांच्याविषयी आहे. त्यातील 'फ्लाइंग व्हेल्स'च्या सुरुवातीला देवमाशांचे आवाज आणि शांत गिटार बराच वेळ चालू राहतात. घाईने पुढे ढकलू नका, कारण त्यानंतर पडणारा पहिला ठोका त्या वाट पाहण्यामुळेच तेवढा मोठा होतो. काकांचे वाक्य इथे ठोक्याऐवजी सबंध गाण्याला लागू पडते. २०१६ च्या 'मॅग्मा'च्या काळात या भावांची आई गेली, आणि त्या अल्बममधून त्यांनी पूर्वीची अवघड गुंतागुंत काढून टाकली. उरले ते थोडके, मोकळे आणि फार खोल आहे. २०२१ मध्ये 'अ‍ॅमेझोनिया' या गाण्याच्या निमित्ताने त्यांनी ब्राझीलमधील आदिवासींच्या हक्कांसाठी निधी उभा केला. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात, राणी मारी आंत्वानेत जिथे कैदेत होती त्या कॉन्सिएर्जरी इमारतीच्या खिडक्यांमध्ये उभे राहून त्यांनी ऑपेरा गायिका मारिना व्हियोती हिच्यासह वाजवले, आणि २०२५ मध्ये त्या सादरीकरणाला मेटलचा ग्रॅमी मिळाला. एका खेड्यातून निघालेले संगीत जगभर तसेच्या तसे, गुळगुळीत न होता पोहोचले, याचा मला मनापासून आनंद आहे.

स्वीडनच्या उमिओ गावचा मेशुगा मात्र घाईने ऐकू नका. २००८ च्या 'ऑबझेन'वरील 'ब्लीड'मध्ये ड्रमवादक टोमास हाके याचे पाय गिटारच्या चकवणाऱ्या आकृतीबरोबर धावतात आणि हात मात्र साधी चार मात्रांची चाल धरून ठेवतात. पहिल्यांदा पाय ऐका, दुसऱ्यांदा हात. भजनात टाळ एक सांगतो आणि मृदंग दुसरे, तरी दोघे समेवर भेटतात. ज्याने हे लहानपणापासून ऐकले आहे त्याला मेशुगा परका वाटण्याचे कारण नाही.

"ओरडणे म्हणजे गाणे नव्हे" म्हणणाऱ्यांसाठी मी युक्रेनच्या जिंजर बँडची तातियाना श्मायलुक हिचे 'पायसिस' लावतो. अत्यंत मऊ आवाजात सुरू झालेले गाणे ती श्वासाच्या अंतरात घोगऱ्या, खोल गर्जनेत नेते आणि परत आणते. हे गळा ताणून होत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्या आणि पोटातला श्वास यांचा तो अभ्यास आहे, म्हणून शिकल्याशिवाय नक्कल करू नका, गळा बसेल. कॅनडाच्या स्पिरिटबॉक्समधील कोर्टनी लाप्लांट हीसुद्धा त्याच तोडीची. २०२१ चा 'इटर्नल ब्लू' ऐका.

आपल्याकडचे दोन. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल आणि बासरी मेटलमध्ये नुसती शोभेला बसवलेली नाहीत, ढोल तिथे खरोखर वजन उचलतो. २०२२ चा 'रक्षक' मिरवणुकीत आपल्या संदलवर नाचलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात कळेल. मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, त्यात विष्णूच्या अवतारांवर एकेक गाणे आहे. तो मेटलकोअर नाही आणि जरा दाट आहे, पण कथा ठाऊक असल्याने वाट सापडते.

शेवटी ऐकण्याच्या साधनाबद्दल, कारण निम्मी निराशा तिथेच होते. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते; मेटलकोअरवाले ती बहुधा सी सुरापर्यंत, म्हणजे सुमारे ६५ हर्ट्झपर्यंत उतरवतात, आणि मेशुगाची आठ तारांची गिटार त्याच्याही बरीच खाली जाते. मोबाइलच्या स्पीकरला हे सूर झेपत नाहीत, म्हणून त्यावर फक्त ओरडणे आणि झांजांचा किणकिणाट उरतो. साधा वायरचा इअरफोन चालेल, पण 'एक्स्ट्रा बास'वाला नको, कारण तो ठोक्यांमधली जागाच भरून टाकतो. शिवारात रेंज नसते, तेव्हा तालुक्याला गेलात की पूर्ण अल्बम डाउनलोड करून आणा आणि गाण्यांचा क्रम मोडू नका. पहिल्या आठवड्यात 'द एंड ऑफ हार्टेक', मग 'होरायझन्स', मग 'मॅग्मा', एवढे तीनच ऐका. 'होली हेल' मात्र घरी वडिलांबरोबर बसून लावा, आणि लावण्याआधी त्यांना त्या दोन भावांची हकीकत सांगा.